मलमपट्टी की पेटती बाटली: ‘द लास्ट ऑफ अस’ आपली गोष्ट कशी सांगतो

‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडिओ गेममध्ये अल्कोहोल आणि चिंध्या यांपासून दोन वस्तू तयार करता येतात. एक जखमेवर बांधायची मलमपट्टी आणि दुसरी शत्रूवर फेकायची पेटती बाटली, म्हणजे मोलोटोव्ह. साहित्य दोन्हींना तेच लागते, त्यामुळे एक बनवली की दुसरीवर पाणी सोडावे लागते. पाठीवरच्या पिशवीत जेमतेम एकीपुरतेच साहित्य उरले आहे, अंगातली निम्मी ताकद गेलेली आहे आणि पुढच्या अंधाऱ्या खोलीतून कुणाचा तरी घशातून निघणारा टक्‌टक्‌ असा आवाज येतो आहे. अशा वेळी काय बनवायचे हे खेळाडूला ठरवायचे असते. कथाप्रधान सर्व्हायव्हल गेम, म्हणजे तुटपुंज्या साधनांवर जीव वाचवत कथा पुढे नेण्याचा खेळ, कसा चालतो हे समजून घ्यायला मला तरी याहून सोयीचे उदाहरण सापडत नाही, कारण या गेममधली टंचाई ही कथेच्या वाटेतला अडथळा म्हणून ठेवलेली नाही, कथेचा बराचसा भाग तिच्यातूनच सांगितलेला आहे.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील नॉटी डॉग या स्टुडिओने हा गेम तयार केला आणि १४ जून २०१३ रोजी तो प्लेस्टेशन ३ साठी बाजारात आला. ब्रूस स्ट्रेली आणि नील ड्रकमन यांनी त्याचे दिग्दर्शन केले, लेखन ड्रकमन यांचे होते, आणि संगीत अर्जेंटिनाचे गुस्तावो सांताओलाया यांनी दिले. कथा अमेरिकेत घडते. सप्टेंबर २०१३ मध्ये एक साथ पसरते आणि टेक्सासमधील ऑस्टिन शहरात जोएल नावाच्या गृहस्थाची बारा वर्षांची मुलगी सारा पहिल्याच रात्री मरते. त्यानंतर कथा वीस वर्षांची उडी घेते. सरकार उरलेले नाही, बॉस्टनमधल्या कुंपणबंद वस्तीवर लष्कराचा अंमल आहे आणि जोएल तस्करी करून पोट भरतो आहे. त्याच्यावर चौदा वर्षांच्या एलीला देशाच्या दुसऱ्या टोकाकडे नेण्याची कामगिरी येते. एलीला रोग्याचा चावा बसलेला आहे, तरी तिला रोग झालेला नाही, त्यामुळे तिच्या शरीरातून लस मिळेल अशी फायरफ्लाइज या बंडखोर गटाला आशा आहे. उन्हाळा, पानगळ, हिवाळा आणि वसंत अशा चार भागांत हा प्रवास बॉस्टनपासून पिट्सबर्ग, वायोमिंगमधील जॅक्सन आणि कोलोरॅडो या वाटेने सॉल्ट लेक सिटीपर्यंत जातो.

या गेमला सगळे जण झोंबीचा गेम म्हणत असले, तरी त्यातले रोगी कबरीतून उठून आलेले नाहीत. ती जिवंत माणसे आहेत, फक्त त्यांच्या मेंदूवर बुरशीने ताबा मिळवलेला आहे. ही कल्पना निसर्गातूनच घेतलेली आहे. ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी उष्ण प्रदेशातल्या जंगलांत मुंग्यांच्या शरीरात शिरते. बाधित मुंगी आपले वारूळ सोडून झुडपावर चढते, एखाद्या पानाच्या शिरेला जबड्याने घट्ट चावा घेऊन तिथेच मरते, आणि काही दिवसांनी तिच्या डोक्यातून बुरशीचा दांडा उगवून बीजाणू खाली पडू लागतात. २००६ च्या एका बीबीसी निसर्ग-मालिकेतले हे दृश्य पाहून कथेचे बीज सुचल्याचे निर्मात्यांनी सांगितलेले आहे. माणसाच्या शरीराचे तापमान बहुतेक बुरशींना मानवत नाही, त्यामुळे मुंग्यांवरची ही बुरशी माणसांत येण्याची शक्यता वैज्ञानिक धरत नाहीत. गेमने तेवढी एक सूट घेतलेली आहे. एकदा ती घेतल्यावर मात्र बाकीचे नियम तो काटेकोरपणे पाळतो. नव्याने बाधित झालेला रोगी धावत अंगावर येतो. वर्ष उलटले की बुरशी चेहरा फोडून बाहेर येते, डोळे जातात आणि रोगी वटवाघळासारखा आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट शोधू लागतो. त्यालाच क्लिकर म्हणतात, आणि सुरुवातीला सांगितलेला टक्‌टक्‌ आवाज त्याचाच. रोगाच्या वयानुसार शत्रूचे वागणे बदलते, म्हणजे गेमचे शास्त्र आणि गेमची अडचण ही एकाच गोष्टीची दोन रूपे होतात.

या प्रकारात इतर गेमही आहेत आणि त्यांची तऱ्हा वेगळी आहे. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’मध्ये ठरलेली कथा नाही, खेळाडू एका गावात उतरतो, डबाबंद अन्न शोधतो, दारे-खिडक्या फळ्यांनी बंद करतो आणि शेवटी मरतो, हे गेम सुरुवातीलाच सांगून टाकतो. टेलटेल स्टुडिओचा २०१२ मधला ‘द वॉकिंग डेड’ नेमका याच्या उलट आहे. तिथे साधनांची फारशी चिंता नसते, पण दोन माणसांपैकी कुणाला वाचवायचे असे पेच समोर येतात आणि खेळाडूच्या उत्तराप्रमाणे कथेचे तपशील बदलतात. ‘द लास्ट ऑफ अस’ने दोन्हींकडून एकेक गोष्ट घेतली आणि एकेक टाकून दिली. साधने अपुरी ठेवली, कथा मात्र सगळ्यांसाठी एकच ठेवली. खेळाडू कसा लढतो हे त्याच्या हातात आहे, काय घडते हे नाही.

आता पिशवीकडे वळू. जोएलला रिकाम्या घरांच्या कपाटांत, दुकानांच्या गल्ल्यांत आणि न्हाणीघरांत अल्कोहोल, चिंध्या, पाती, चिकटपट्टी, साखर, स्फोटक पूड अशा जिनसा थोड्याथोड्या सापडतात. त्यांची सांगड घालण्याचे मोजके प्रकार आहेत. पाते आणि चिकटपट्टी यांचा हातसुरा होतो, ज्याला गेममध्ये शिव्ह म्हणतात. साखर आणि स्फोटक पूड यांचा धूरबॉम्ब होतो. साखरेऐवजी पाती वापरली की अंगात पाती घुसवणारा बॉम्ब होतो. मलमपट्टी आणि मोलोटोव्ह यांचे वर सांगितलेच. यादी लहान आहे, पण जवळजवळ प्रत्येक जिन्नस दोन ठिकाणी लागते, आणि कोणतीही तयार वस्तू तीनपेक्षा जास्त बाळगता येत नाही. या तीनच्या मर्यादेकडे नीट पाहावे. साठा करणाऱ्याची त्यामुळे कोंडी होते, कारण पिशवी भरली की सापडलेले साहित्य तिथेच टाकून जावे लागते. आणि उधळ्याचीही होते, कारण पुढच्या दोन खोल्यांत काहीच सापडले नाही तर त्याच्याजवळ विटेखेरीज काही उरत नाही. महिनाअखेरीस घर चालवणाऱ्या माणसाला जो हिशेब करावा लागतो, तोच इथे बंदुकीच्या चार गोळ्यांचा करावा लागतो.

शिव्हचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. क्लिकरने पकडले की एका चाव्यात खेळ संपतो. त्या क्षणी पिशवीत शिव्ह असेल आणि जोएल ती वापरायला शिकलेला असेल, तर तो सुटू शकतो. क्लिकरला मागून गाठून निःशब्दपणे संपवायलाही शिव्हच लागते. गेममध्ये काही बंद दारे अशी आहेत की ती फक्त शिव्ह कुलपात घालूनच उघडतात, आणि दार उघडले की शिव्ह मोडते. आत गोळ्या असतील, औषधे असतील, कदाचित आणखी पाती असतील. पण दारासमोर उभे असताना ते माहीत नसते. म्हणजे हातातला जीव वाचवणारा तुकडा मोडून आतल्या अनिश्चित मालावर पैज लावायची की नाही, असा तो प्रश्न आहे. संवादाची एकही ओळ न घालता जोएलच्या वीस वर्षांच्या आयुष्याचे वर्णन त्या दारापाशी झालेले असते: काहीही फुकट मिळत नाही आणि जवळचे काही टिकत नाही. हिवाळ्याच्या भागात खेळाडू एलीच्या भूमिकेत जातो तेव्हा तिच्याजवळ स्वतःचा घडीचा चाकू असतो आणि तो कधीच मोडत नाही. क्लिकरची भीती त्यामुळे एकदम उतरते, पण एली अंगाने लहान असल्याने माणसांशी समोरासमोर झुंजताना ती जोएलइतकी टिकत नाही. दोन पात्रांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगत नाही. तो बोटांना कळतो.

हे सगळे चालू असताना गेम थांबत नाही, हेही महत्त्वाचे. अनेक गेममध्ये साहित्याची यादी उघडली की भोवतालचे जग गोठते. इथे जोएल खाली बसतो, पिशवी पाठीवरून काढतो, आत चाचपतो, आणि तेवढ्या वेळात शत्रू फिरतच असतो. पट्टी बांधायलाही काही सेकंद जातात आणि त्या सेकंदांत मार बसला तर सगळे पुन्हा. त्यामुळे लढाईत सर्वांत मौल्यवान वस्तू गोळी ठरत नाही, आडोसा ठरतो.

हालचालीचेही तसेच आहे. क्लिकरला डोळे नाहीत, पण पावलांचा आवाज त्याला ऐकू जातो. कंट्रोलरची काडी पूर्ण दाबली की जोएल भरभर सरकतो आणि आवाज होतो. ती जेमतेम कलवली की तो पाऊल मोजत जातो. म्हणजे अंधाऱ्या तळघरात खेळाडूचा अंगठा खरोखरच थरथरत असतो आणि त्या थरथरण्याचा परिणाम पडद्यावर दिसतो. वीट किंवा रिकामी बाटली दूर फेकली तर क्लिकर आवाजाच्या दिशेने जातो. जिवंत माणसांवर ही युक्ती अर्धवटच चालते, कारण ती एकमेकांना हाका मारतात, दोन बाजूंनी घेरतात आणि साथीदाराचे प्रेत दिसले की सावध होतात. जोएलला कान देऊन भिंतीपलीकडची हालचाल टिपता येते, ती सोय मात्र अवघड पातळ्यांवर काढून घेतलेली आहे. ती गेल्यावर हेडफोन लावून खेळणे जवळजवळ सक्तीचे होते, आणि माझ्या मते तेव्हाच ध्वनिरचनाकारांनी किती काम केले आहे हे नीट समजते.

आता कथा. तिचा दृश्य भाग, म्हणजे खेळाडूने हात मागे घेऊन पाहायचे प्रसंग, एकूण वेळेच्या मानाने थोडा आहे. बाकीची कथा चालता चालता होणाऱ्या बोलण्यात आणि टाकून दिलेल्या वस्तूंत विखुरलेली आहे. पिट्सबर्गनंतरच्या भागात सांडपाण्याच्या बोगद्यांत एक वस्ती लागते. ती कोणी वसवली हे कळते ते फक्त इश नावाच्या माणसाच्या चिठ्ठ्यांवरून, ज्यातली पहिली किनाऱ्यावर पडलेल्या नावेत सापडते. पुढे लहान मुलांची शाळा दिसते, भिंतीवरची चित्रे दिसतात, नियमांचा फलक दिसतो, आणि त्यानंतर एका खोलीत चादरीखाली झाकलेली लहान शरीरे आणि त्यांना त्रास झाला नाही असे सांगणारी जमिनीवर लिहिलेली एक ओळ. इश पडद्यावर एकदाही येत नाही. चिठ्ठ्या न उचलता पुढे गेले तरी गेमचे काही अडत नाही. पण कपाटे धुंडाळण्याची सवय टंचाईने आधीच लावलेली असल्यामुळे बहुतेक खेळाडू त्या उचलतातच. चिंधी शोधायला गेलेल्या माणसाला एका वस्तीची मरणकहाणी सापडावी, ही रचना मला या गेममधली सर्वांत हुशार वाटते.

सवय लावायची आणि मग मोडायची, ही युक्ती आणखी एका ठिकाणी येते. पूर्ण प्रवासात उंच भिंत आली की जोएल ओंजळ पुढे करतो, खेळाडू त्रिकोणाचे बटण दाबतो, एली धावत येऊन पाय ठेवते, वर चढते आणि शिडी खाली सोडते. हे इतक्या वेळा होते की त्याचा कंटाळा येतो. पोहता न येणाऱ्या एलीला लाकडी फळकुटावर बसवून पाण्यातून नेणे तर त्याहून कंटाळवाणे आहे. पण वसंताच्या भागात, हिवाळ्यात तिच्यावर गुदरलेल्या प्रसंगानंतर, जोएल ओंजळ पुढे करतो आणि एली येतच नाही. ती बाकावर बसून शून्यात पाहत असते. खेळाडूला स्वतः तिच्याकडे चालत जावे लागते. तिच्या मनःस्थितीबद्दल लांबलचक संवाद लिहिता आले असते. त्याऐवजी रोजचे एक बटण काम करेनासे झाले, आणि एवढ्याने काम झाले. त्यानंतर थोड्याच वेळात ती वर चढते, काहीतरी पाहून शिडी अर्धवट सोडून पळते आणि जोएल तिच्या मागे धावतो. पुढे काय दिसते ते ज्यांनी खेळले नाही त्यांच्यासाठी राखून ठेवतो.

शेवटाबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही, म्हणून ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद वगळावेत.

पहिल्या रात्री खेळाडू आधी साराच्या भूमिकेत असतो. नंतर नियंत्रण जोएलकडे येते आणि पाय मोडलेल्या साराला कवेत घेऊन त्याला पळावे लागते. दोन्ही हात गुंतलेले असल्याने तो लढू शकत नाही. सुमारे पंधरा तासांनंतर, सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात, बेशुद्ध एलीला कवेत घेऊन तो पुन्हा तसाच पळतो. चाल तीच, हात तसेच गुंतलेले आणि मागे बंदूकधारी. लस बनवायची तर एलीचा मेंदू काढावा लागेल, म्हणजे ती वाचणार नाही, हे कळल्यावर त्याने रुग्णालयातल्या माणसांना मारत तिच्यापर्यंत वाट काढलेली असते. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर हातात सुरी घेऊन आडवा उभा राहतो आणि गेम थांबून खेळाडूची वाट पाहतो. खेळाडू हवा तितका वेळ उभा राहू शकतो. दुसरा कोणताही मार्ग उघडत नाही. डॉक्टरला मारायचे की नाही हे विचारलेले नाही, मारण्याची कृती मात्र खेळाडूच्याच हाताने करवून घेतलेली आहे.

पर्याय द्यायचाच नव्हता तर तो प्रसंग नुसता दाखवला का नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. मला तो पटत नाही. जोएलला दुसरे काही करणे शक्यच नव्हते, असे कथेचे म्हणणे आहे, आणि खेळाडूला पर्याय दिला असता तर ते म्हणणे त्याच क्षणी खोटे पडले असते. बटण खेळाडूच्या बोटाखाली ठेवल्यामुळे जोएलची कृती दुरून पाहून निवाडा करण्याची मोकळीकही राहत नाही. त्याहून बरा आक्षेप असा आहे की तोपर्यंत जोएलने वाटेत कितीतरी माणसे मारलेली असतात आणि त्यांचे ओझे कथेवर फारसे पडत नाही. एका डॉक्टरच्या मृत्यूने हादरायचे आणि आधीच्या माणसांना अडथळा समजायचे, ही विसंगती आहेच. आणखी एक उणीव सतत डोळ्यांत खुपते. लपून चालताना एली शत्रूच्या अगदी समोरून धावत गेली तरी तो तिला पाहत नाही. तिच्या चुकीमुळे खेळाडू मरू लागला असता तर तिच्याबद्दल माया वाटण्याऐवजी चीड आली असती, म्हणून निर्मात्यांनी हे जाणूनबुजून केले. कारण समजले तरी भीतीने गोठलेल्या प्रसंगात ते दृश्य हास्यास्पद वाटायचे ते वाटतेच.

१९ जून २०२० रोजी आलेल्या दुसऱ्या भागाने त्या जमेस न धरलेल्या मृत्यूंचाच विषय घेतला. त्यात खेळाडूला मध्यावर ॲबी नावाच्या अशा व्यक्तीच्या भूमिकेत घातले जाते, जिचा तोपर्यंत त्याने मनापासून तिरस्कार केलेला असतो, आणि कित्येक तास तिच्याच नजरेने जग पाहायला लावले जाते. हा निर्णय अनेकांना मानवला नाही आणि त्यावर मोठा वाद झाला. टंचाईच्या दृष्टीने मात्र त्या भागात एक बोलकी गोष्ट आहे. त्यात अडचणीची पातळी एकाच फटक्यात न ठरवता खेळाडूची सहनशक्ती, शत्रू, साथीदार, लपण्याची सोय आणि साधनसामग्री यांची वेगवेगळी सेटिंग्ज दिलेली आहेत. एखाद्याला शत्रू मवाळ पण साहित्य अतिशय तुटपुंजे असा गेम खेळता येतो. किती चिंध्या सापडाव्यात हा आकडा पटकथेइतकाच विचारपूर्वक ठरवलेला असतो, याची ती उघड कबुलीच आहे. शिवाय दृष्टी, श्रवण किंवा हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांसाठी त्यात साठहून अधिक सोयी आहेत.

पहिल्यांदाच खेळू पाहणाऱ्याने पहिल्या भागापासूनच सुरुवात करावी. तो नव्याने बांधून ‘पार्ट वन’ या नावाने सप्टेंबर २०२२ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आणि मार्च २०२३ मध्ये संगणकावर आला. संगणकावरच्या आवृत्तीत आरंभी बरेच तांत्रिक दोष होते, नंतरच्या अपडेट्सनी त्यांतले पुष्कळसे दूर झाले. गेम प्रौढांसाठी आहे, त्यातला हिंसाचार सूचक नाही, उघड आहे, तेव्हा घरातल्या लहान मुलांसमोर तो लावू नये. इंग्रजी उच्चार पटकन कळत नसतील तर उपशीर्षके चालू ठेवावीत, कारण महत्त्वाचे बोलणे अनेकदा चालता चालता आणि पुटपुटत होते. आणि पातळी निवडताना, ज्यांना कंट्रोलरची थोडीफार सवय आहे त्यांनी ‘मॉडरेट’वर न थांबता ‘हार्ड’ निवडावी. मॉडरेटवर पिशवी बऱ्यापैकी भरलेली राहते, आणि भरल्या पिशवीने मलमपट्टी करायची की बाटली पेटवायची हा प्रश्न पडतच नाही. दोन्ही करता येतात.